वाग्दत्त वधूवरांचे कर्ज

लग्नघरात कर्जाचा विषय कोणी काढीत नाही. पत्रिका पाहतात, मानपानावरून दोन रात्री जागतात. पण मुलाच्या डोक्यावर देणे किती आणि मुलीने कोठे सही करून ठेवली आहे, हे साखरपुडा झाल्यावर, तेही तिसऱ्याच्याच तोंडून कळते. आम्ही तीसेक वर्षे युनियनच्या कचेरीत बसतो. पगारवाढीच्या तक्रारी जितक्या ऐकल्या, तितकीच कर्जाची रडगाणी ऐकली.

हे दुखणे जुनेच आहे. 1931 साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगावर आपले ना. म. जोशी सभासद होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे देणे तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असे त्या अहवालात नोंदलेले आहे. कारणांत लग्नाचा खर्च होताच. तेव्हा पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाण काठी घेऊन उभा राही. आता खिशातला फोन वाजतो.

असाच एक फोन रात्री नऊ वाजता एका मुलीला आला. ती परिचारिका, तिचे लग्न ठरलेला मुलगा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात, आमचा सभासद. ‘तुमच्या नवऱ्याला हप्ता भरायला सांगा,’ असे पलीकडचा म्हणाला. लग्नाला अडीच महिने होते. दुसऱ्या दिवशी दोघे कचेरीत आली. मुलगा खाली मान घालून बसला. मुलगी म्हणाली, ‘काका, माझा पगार याच्या हप्त्यांत जाणार का, एवढेच सांगा.’

प्रश्न नेमका होता. लग्नाने कर्ज अंगाला लागत नाही, सहीने लागते. नवऱ्याने स्वतःच्या नावावर काढलेले कर्ज केवळ बायको झाली म्हणून तिच्याकडून वसूल करता येत नाही. पण ती सहकर्जदार वा जामीनदार झाली, की 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. आधी ऋणकोला पकडा, मग माझ्याकडे या, असे सहसा म्हणता येत नाही. घरचे वडीलधारे मात्र लग्नासाठी चार लाखांचे कर्ज दोघांच्या नावावर काढण्याच्या तयारीत होते!

आम्ही त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. मुलाने बहिणीच्या लग्नासाठी पतपेढीतून घेतलेले 1,80,000; क्रेडिट कार्डाचे 62,000; फोनवरून घेतलेले 15,000; शिवाय एका मित्राच्या तीन लाखांना जामीन. हा शेवटचा आकडा त्याने सर्वांत उशिरा सांगितला. मुलीकडे आईच्या दागिन्यांवर काढलेले 40,000 होते, आणि तेही त्याला ठाऊक नव्हते. आठवणीवर विसंबू नये म्हणून दोघांनाही पतअहवाल मागवायला लावला. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

कागद झाल्यावर आम्ही हात वर केले. युनियनवाला मालकाशी भांडतो, व्याजाची घडी बसविणे हे जाणत्याचे काम. प्रश्न असतो जाणता कोण, हा. आमची कसोटी गावठी आहे: त्याचे पोट कोण भरतो ते पाहा. ‘कर्ज निम्म्यात मिटवून देतो, आधी फी भरा’ असे म्हणणारा तुमच्याच पैशावर जगतो. तडजोड झालीच तर तिची नोंद अहवालात राहते आणि पुढचे कर्ज अडते, हे तो सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार अग्रणी बँका जी आर्थिक साक्षरता केंद्रे चालवितात, तेथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत. तेथला माणूस बँकेचाच असतो, म्हणून एक कान वकिलाकडे ठेवावा. तोही फुकट मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया आणि औद्योगिक कामगार या दोघांनाही मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. आमच्यापुढची दोघेही त्यात बसली. किती जणांना हे माहीत असते?

केंद्रातल्या बाईंनी कार्डापासून सुरुवात केली. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 2,170 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के कर. मुलगा 3,100 भरून निर्धास्त होता. त्यातून मूळ रकमेतले जेमतेम 540 फिटत होते. पतपेढीचा दर वर्षाला बारा टक्के. तेथून वाढीव कर्ज काढून कार्ड पुरते फेडावे व मोडून टाकावे, असे त्यांनी सांगितले. जामिनाला मुलगी पुढे सरसावली. बाईंनी तिला थांबविले. पतपेढीला सभासदच जामीन लागतो, आणि तसे नसते तरी तिने सही करू नये, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. खात्यातले दोघे उभे राहिले.

वकिलाने जामिनाची भीती मोजून दाखविली. मित्र बुडाला आणि कोर्टाचा हुकूमनामा झाला, तरी जप्तीत पहिले हजार रुपये व उरलेल्याचा दोनतृतीयांश पगार सुटतो. 24,000 पगारातून फार तर 7,667 जातील. आकडा लहान नाही, पण माणूस त्याच्याशी झोपू शकतो.

रात्रीच्या फोनाबद्दल कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार दिली. सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि 2022 पासून कर्जाच्या ॲपने फोनमधील नावांची यादी वाचणेही नियमाबाहेर आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास लोकपालाकडे जाता येते, तेही विनाशुल्क. फोन दहा दिवसांत थांबले.

चार लाखांचे कर्ज निघाले नाही. दोघांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस दिली. मुलाची आई महिनाभर बोलली नाही. तिचेही खरे होते, तिने दोनशे माणसांना तोंडी आमंत्रण देऊन ठेवले होते. हॉलवाल्याने अनामत परत केली नाही. मुलीने कागदावर खाली आणखी एक ओळ ओढली आणि ते पाच हजार दोघांच्या नावे निम्मे निम्मे लिहिले.