सांधे दुखतात, बिघाड रक्तातल्या पेशींत

उमरगा भागात सांधे धरले की बहुतेकांचा पहिला इलाज तेल चोळणे आणि शेकणे. साठीनंतरच्या गुडघेदुखीला ते चालून जाते, कारण तिथे सांधा झिजलेला असतो. पण तिशी-चाळिशीतल्या बाईची दोन्ही हातांची बोटे सकाळी तासभर वळतच नसतील, मनगटे सुजत असतील, तर दुखणे निराळे आहे. हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन-तीन पट अधिक. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये भिगवणला घरोघर पाहणी केली, तेव्हा हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना तो आढळला.

यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. ती का उलटते, याचा शोध आता पेशीतल्या तंतुकणिकांपर्यंत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचला आहे. पेशीला लागणारी बरीचशी ऊर्जा तिथे तयार होते. रक्तातल्या पक्व लाल पेशींत त्या नसतात. पांढऱ्या पेशींत आणि प्लेटलेटमध्ये असतात.

अमेरिकेत कॉर्नेलिया वायँड आणि यॉर्ग गोरोन्झी यांचा गट आमवाताच्या रुग्णांच्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) अनेक वर्षे तपासतो आहे. २०१९ मध्ये या गटाने दाखवले, की या पेशींत डीएनए दुरुस्त करणारे एमआरई-११ए हे प्रथिन कमी पडते. मग तंतुकणिकांचा डीएनए खराब होतो, ऊर्जा घटते आणि तो डीएनए पेशीद्रवात झिरपतो. तंतुकणिकांचे पूर्वज अब्जावधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जिवाणू होते आणि त्यांच्या डीएनएवर ती खूण अजून आहे. म्हणून पेशीला वाटते, जंतू शिरला. ती दाहाची यंत्रणा चालू करते, फुटून मरते आणि भोवतालच्या ऊतींत दाह पसरवते. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते: शत्रू म्हणून ओळखला जातो तो आपलाच जुना सोबती. प्लेटलेटमधून सुट्या झालेल्या तंतुकणिका रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवातही सापडल्या आहेत.

या संशोधनातून निघालेली तपासणी अजून दवाखान्यात आलेली नाही. निदान होते ते लक्षणांवरून आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्तचाचण्यांवरून. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे मात्र हाताशी आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर बोटे वाकडी होणे बऱ्याच अंशी टळते. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. नाव नसलेल्या पुड्यांनी सूज झटकन उतरते, कारण त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि तोवर आतला सांधा खराब होत राहतो. घरात कुणाची बोटे किंवा मनगटे सहा आठवड्यांहून जास्त सुजलेली असतील, तर पुडी न आणता त्या व्यक्तीला घेऊन आधी उपजिल्हा रुग्णालय गाठा, आणि तिथून सांगितले तर सोलापूर किंवा लातूर.