कापडातली माया

शिंपी कापड बेततो तेव्हा शिवणीच्या आत दोन बोटे जादा कापड सोडतो. पोलक्याच्या बगलेत, झग्याच्या घोळाला, पोराच्या चड्डीच्या मागच्या शिवणीत. या जादा कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात. मूल वाढले, अंग भरले, की टाके उसवायचे, माया सोडायची आणि तोच कपडा पुढे चालवायचा. गावोगावच्या आयाबाया शिंप्याला आजही बजावून सांगतात, "जरा माया ठेव रे बाबा." हल्लीच्या तयार कपड्यांत मात्र ही माया सापडत नाही. उलटून पाहा, शिवण अगदी काठाला घातलेली असते. कारखान्यात दर कपड्यामागे बोटभर कापड वाचले तर हजार कपड्यांमागे केवढे वाचते, याचा हिशेब मालकाने केलेला असतो. आपण आपला हिशेब केलेला नसतो, इतकेच.

म्हणून आज हा हिशेब करू. समजा, तीनशे रुपयांचा सदरा एका वर्षात गेला आणि सहाशेचा तीन वर्षे टिकला. पहिल्याला वर्षाला तीनशे पडले, दुसऱ्याला दोनशे. हे सगळ्यांना कळते. तरी बाजारात हात तीनशेच्या सदऱ्याकडेच जातो, कारण त्या दिवशी खिशात तेवढेच असतात. त्यात दोष गरिबाचा नाही. पण तीनशेचाच घ्यायचा तर तोही नीट पारखून घेता येतो. कापड उजेडाकडे धरा, वीण दाट आहे की चाळणीसारखी आहे ते लगेच दिसते. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा, टाके वासले तर तो सदरा पहिल्या नांगरटीला उसवणार. सुती कापड घेऊन शिवणार असाल तर आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, वाळवा, मग शिंप्याकडे द्या. काही सुती कापड मीटरमागे पाच सेंटिमीटरही आटते, आणि ते शिवल्यावर आटले की सगळा खर्च पाण्यात.

पण खरी काटकसर बाजारात होत नाही, ती नंतर घरात होते. मराठीत कापडासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत, 'विरणे' आणि 'फाटणे'. कापड आधी विरते, मग फाटते. विरते म्हणजे धागे झिजून पातळ होतात, पण अजून जागेवर असतात. या दोन अवस्थांमध्ये काही आठवडे जातात, आणि कपडा वाचवायचा तर तो त्याच आठवड्यांत वाचतो. विरलेल्या जागेभोवती धड धागे असतात, त्यांचा आधार घेऊन रफू बसते, आतून अस्तराचा तुकडा लावता येतो. एकदा फाटले की ठिगळाला धरायला काठच उरत नाही. ठिगळ नव्या जाड कापडाचे असेल तर ते भोवतालचे जुने कापड ओढून आणखी फाडते. म्हणून ठिगळ जुन्याला जुन्याचेच लावावे, आणि उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशी जुळवून लावावे. महिन्यातून एकदा, धुणे वाळल्यावर, घरातले रोजचे कपडे खिडकीच्या उजेडात धरून पाहायचे. ढोपर, कोपर, बगल, बैठकीचा भाग आणि कॉलरची घडी, एवढ्या पाच जागा पाहिल्या तरी पुरे.

आपल्या आज्या-पणज्यांनी हे शास्त्र लुगड्यावर फार पुढे नेले होते. नऊवारी लुगडे सगळीकडून सारखे विरत नाही. बैठकीचा भाग आधी जातो, पदर आणि दुसरे टोक धडधाकट राहते. मग काय करायचे? विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडायचे. लांबी कमी पडली तर दुसऱ्या जुन्या लुगड्याचा चांगला तुकडा मधे घालायचा. याला 'दंड घालणे' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणले, आणि हातात पैसे असले तरी दुकानात कापड मिळेना. त्या दिवसांत दंड घातलेले लुगडे नेसणे ही गरिबीची खूण उरली नव्हती, ती घरोघरची गोष्ट झाली होती. आज नऊवारी थोड्याच घरांत उरली आहे, पण हीच युक्ती अंथरुणाच्या चादरीला जशीच्या तशी लागू पडते. चादर मधे विरते, कडेला नवी असते. ती मधोमध उभी कापायची, दोन्ही कडा मध्यभागी आणून जोडायच्या, आणि विरलेले भाग कडेला नेऊन दुमडून शिवायचे. सदऱ्याची कॉलर घडीवर झिजली तर शिंप्याकडून उसवून उलटी लावून घ्यायची. अर्ध्या तासाचे काम आहे.

धुण्याबद्दल थोडेच सांगतो. घामाचा कपडा रात्रभर बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. रक्ताचा डाग गार पाण्यातच काढावा, कढत पाण्याने तो पक्का बसतो. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. लोकर आणि रेशमाला धुण्याचा सोडा लावू नये. बाकीचे आमच्या भगिनींना माझ्यापेक्षा जास्त कळते.

आता कपड्याच्या उतरत्या वयाकडे येऊ. पूर्वी घरात एका धोतराची चार वये असत. आधी सणावाराचे, मग रोजचे, मग फाटून अर्धे झाले की पंचा, आणि शेवटी बाळाचे दुपटे. बाळंतविड्यात जुने मऊ कापड मुद्दाम घालत, कारण शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ आणि ओल टिपणारे नवे कापड मिळत नाही. जे दुपट्यालाही चालत नाही त्याची डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ, नाहीतर देवाजवळची वात. आणि चार जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरून, काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत नेले की गोधडी. गोधडीत ऊब कशाने येते, असे शाळेतली मुले विचारतात. ऊब कापडात नसते, थराथरांत अडकून राहिलेल्या हवेत असते. टाके फार दाट घातले तर हवा दबते आणि गोधडी जड होऊनही गार राहते.

इथे एक सावधगिरी. हल्ली साड्या आणि सदरे बहुतेक पॉलिस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. ओळखायचे असेल तर कडेचा एखादा धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर आक्रसून त्याची कडक गोळी होते. ही वितळलेली गोळी कातडीला चिकटते, म्हणून चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या अंगावर आणि दिवाळीत फटाके उडवणाऱ्या पोरांच्या अंगावर सुती कपडाच हवा. पॉलिस्टर पाणी टिपत नाही, तेव्हा त्याचे फडके, दुपटे, पायपुसणे निरुपयोगी. पण ते लवकर विरतही नाही. त्याच्या बाजारपिशव्या, धान्याच्या पोत्यांना आच्छादन, गोधडीचा वरचा थर, हे उत्तम होते.

घरात वापरून उरलेले कपडे दारावरच्या बोहारणीला देण्याची आपली रीत जुनी आहे. दोन लुगडी आणि एक पाटलोण घ्या, पातेले द्या, त्यावर एक वाटी द्या, अशी घासाघीस चालते आणि शेवटी दोन्ही बाजूंना वाटते की आपणच जिंकलो. पुष्कळांची समजूत अशी की बोहारीण चिंध्या गोळा करते. तसे नाही. तिच्या घरची माणसे तो कपडा धुतात, सांधतात, बटणे लावतात, इस्त्री करतात आणि जुन्या बाजारात विकतात. कष्टकरी माणसाला तिथे परवडणाऱ्या किमतीत धड पाटलोण मिळते, आणि ती त्याने विकत घेतलेली असते, कुणी दिलेली नसते. या शेवटच्या गोष्टीचे मोल दान करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. लोकरीच्या फाटक्या कपड्यांची वाट आणखी दूर जाते. हरियाणात पानिपतला, आपल्याला हे नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे, जुन्या लोकरी कपड्यांची बटणे, चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, यंत्रात पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढतात आणि घोंगड्या विणतात. रंग आधीच निवडलेले असल्याने पुन्हा रंगवण्याचा खर्चही वाचतो.

दानाबद्दल मात्र थोडे कडू बोलावे लागेल. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. देशभरातून जुने कपडे गेले, आणि त्यांतले कितीतरी रस्त्याकडेला ढीग होऊन पडून राहिले. समुद्रकाठच्या उकाड्यात लोकरीचे कोट कोण घालणार? ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना फाटकी अंतर्वस्त्रे काय कामाची? पाठवणाऱ्यांच्या मनात दया होती, शंका नाही, पण हातात आपल्या कपाटातली अडगळ होती. त्या ढिगांची निवड करून ते उपयोगी आणण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत 'गूंज' ही संस्था होती. अंशु गुप्ता यांनी ती १९९९ साली दिल्लीत सुरू केली, आणि २०१५ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची एक पद्धत आपल्या ग्रामपंचायतींनी नजरेखाली घालण्यासारखी आहे. गावाने आपल्या गरजेचे काम ठरवायचे, विहीर उपसायची, रस्ता दुरुस्त करायचा, आणि त्या श्रमाच्या बदल्यात घरटी कपडे न्यायचे. कपडे जुनेच, पण कमावलेले. जुन्या सुती कापडाच्या स्वच्छ घड्या करून बायकांच्या मासिक पाळीसाठी देण्याचे कामही या संस्थेने केले. ज्या विषयावर घरात कुजबूज होते, त्यावर तिने उघड बोलायला लावले.

तेव्हा देण्याची कसोटी साधी आहे. जो कपडा तुम्ही घरी सांधून आणखी वर्षभर वापरला असता, तोच द्यावा. धुऊन, बटणे लावून, घडी घालून. त्याहून उतरलेला घरातच फडक्याला घ्यावा.

गुरुजींना आणि बाईंना यात एक काम करता येईल. मुलांचा गणवेश फाटत नाही, तो तोकडा होतो, आणि मग ट्रंकेत पडून राहतो. धाकटे भावंड मोठे होईपर्यंत शाळेचा गणवेश बदलतो किंवा उंदीर आपले काम करून जातात. वार्षिक परीक्षा संपली की शाळेत एक दिवस ठेवा. प्रत्येक मुलाने तोकडा झालेला धुतलेला गणवेश आणायचा आणि मोठ्या मापाचा न्यायचा. सरपंचाच्या मुलाने आणायचा आणि न्यायचाही. फक्त गरिबांना वाटप केले तर ज्याला मिळतो त्याच्या पाठीवर ते वर्षभर लिहिलेले राहते, आणि अशी मुले शाळा बुडवू लागतात. सगळेच बदलतात तेव्हा कुणाचा कुठला हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून महाराष्ट्रभर हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. बायकोला लुगडे कमी भावाचे घ्या पण पोराला शाळेत घाला, असे ते कीर्तनातून सांगत. आज हे कुठे लागू पडते ते मी सांगू? लग्नाच्या बस्त्यात. रोजच्या कपड्यात आपण फार उधळत नाही. उधळतो ते मानपानात. समजा, मानाच्या चाळीस साड्या घेतल्या, पाचशेची एक, की वीस हजार झाले. ती साडी जिला मिळते ती नेसत नाही, घडी न मोडता पुढच्या लग्नात दुसरीला देते, आणि ब्लाऊजपीस आणि टॉवेल-टोप्या तर वर्षानुवर्षे नुसत्या घरोघर फिरतात. कर्ज मात्र ज्याने पहिल्यांदा विकत घेतले त्याच्या सातबाऱ्यावर बसते. ज्या गावांत भावकीने एकत्र बसून आहेर बंद केला, तिथे पहिल्या वर्षी दोन-चार माणसे रुसतात. दुसऱ्या वर्षी तीच माणसे आपल्या मुलीच्या लग्नात तो ठराव सगळ्यांना आठवून देतात.

शेवटी ज्या चिंध्या उरतील त्यांच्याविषयी. कपडा फडक्याला घेण्याआधी बटणे, हूक, नाडी, काठ काढून डब्यात ठेवा. निव्वळ सुती चिंधी बारीक करून उकिरड्यात, शेणखतात टाकली तर कुजते. पॉलिस्टरची चिंधी वर्षानुवर्षे कुजत नाही, म्हणून ती शेतात किंवा नदीत जाऊ देऊ नका. ती बंबात किंवा चुलीत घालून पाणीही तापवू नका, तिचा धूर पोरांच्या छातीत जातो. उशीत नाहीतर बैलगाडीच्या गादीत भरा, तिथे ती पुष्कळ दिवस टिकेल.