गडद कादंबऱ्यांच्या वाचकाला उमेद देणारी पुस्तके

‘रणांगण’, ‘धग’, ‘चक्र’, ‘बारोमास’ अशा कादंबऱ्यांवर पोसलेल्या वाचकाला ‘काहीतरी आनंदी वाच’ असे सांगून भागत नाही. गोडगोड शेवट त्याला खोटा वाटतो, आणि ते बरोबरच आहे. तरीही सतत काळोखच वाचला, तर माणसाकडे पाहण्याची नजर एकांगी होते. म्हणून जोडीला उमेद देणारे, पण तितकेच कसदार साहित्य हवे.

उमेद म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे

उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (1960) नायिका कौतिक संसार सावरता सावरता होरपळून निघते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही (1955) दारिद्र्य आहे, शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. पण त्याआधी तरुण मास्तर बंद पडलेली शाळा सुरू करतो. मेंढरांमागे जाणारी पोरे पाटीवर अक्षरे गिरवू लागतात, वाडी अंगमेहनतीने तालीम उभी करते. दुष्काळ वाडी मोडतो, पण माणसांनी मिळून केलेले काम वाचकाच्या मनातून पुसले जात नाही.

सुरुवात कुठून करावी?

संघर्ष आवडत असेल, तर श्री. ना. पेंडसे यांचा ‘गारंबीचा बापू’ (1952) घ्या. गावाने हेटाळलेला बापू कोकणातल्या त्याच गावात ताठ मानेने उभा राहतो.

मनाचे बारकावे आवडत असतील, तर प्रकाश नारायण संतांचा लंपन भेटायलाच हवा. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार कथासंग्रहांत तो आहे. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आतून व्याकूळ असतो. तरी मैत्रीण सुमीची सोबत, गाणे, झाडे, वाटा यांत तो भान हरपून रमतो. इथला आनंद विरहाच्या शेजारीच नांदतो, म्हणून तो खरा वाटतो.

शाळकरी वयाची ओढ पुन्हा अनुभवायची असेल, तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचा. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची ही गोष्ट हसवते आणि हुरहूरही लावते.

निवड कशी करावी?

ग्रंथपालांना नुसते ‘हलकेफुलके द्या’ म्हणू नका. आवडलेल्या गडद कादंबरीचे नाव सांगा, तिच्यातले काय भावले तेही सांगा: भाषा, गाव की माणसे. मग त्याच मुलखाचे किंवा त्याच धाटणीचे दुसरे पुस्तक मागा. हाती आलेल्या पुस्तकाची मधली चार पाने वाचून पाहा. संकटात माणसे एकमेकांशी कशी वागतात, ते तिथे कळते.

गडद कादंबऱ्या सोडू नका. त्या अन्याय ओळखायला शिकवतात. त्याला तोंड देणारी माणसेही असतात, हे या दुसऱ्या पुस्तकांतून उमगते. जाणत्या वाचकाला दोन्हींची गरज असते.