मधाचे बोट

अर्धापूरच्या केळीच्या बागेत सकाळी सकाळी शिरावे आणि एखाद्या लोंबत्या केळफुलाजवळ नुसते उभे राहावे. वरचे जांभळे आवरण उचलले गेले, की आतल्या फुलांतला चिकट गोड रस उघडा पडतो आणि त्यावर माश्यांची झुंबड उडते. गंमत अशी, की केळीला या माशीची गरजच नसते. आपण खातो त्या केळ्यात बी नाही. फळ परागीभवनावाचूनच धरते. माशीला पोसायचे आणि बदल्यात काही मागायचे नाही! सारा जन्म तारण पाहून कर्जे देण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार चमत्कारिकच वाटतो.

सूर्यफुलाचे तसे नाही. माशी फिरली नाही तर दाणे पोचट राहतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नांदेड-लातूरकडची शिवारे सूर्यफुलाने पिवळी होत. पुढे सोयाबीन आले, सूर्यफूल गेले, करडईही आक्रसली. सोयाबीनचे फूल आपले आपण फळते. मग भर फुलोऱ्यात औषध फवारताना माशीची आठवण कोणाला येणार?

ही माशी फुलातून मध आणत नाही, आणते तो पाणीदार मकरंद. पोटातल्या रसाने त्यातली साखर फोडायची, पोळ्यात ओतायची आणि पंखांनी वारा घालून पाणी आटवायचे. पाणी विसेक टक्क्यांच्या खाली उतरले, की वर मेणाचे झाकण. एक कामकरी माशी आयुष्यभर खपून चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा मध करते. पाणी इतके कमी आणि त्यात आंबटपणा, म्हणून जंतू त्यात वाढू शकत नाहीत. भाजलेल्या जागेवर आपल्या आज्या मध लावत त्याला आधार आहे; उथळ भाजल्याच्या जखमा मधाने लवकर भरतात, असे वैद्यकीय चाचण्यांतही दिसले आहे. मुलांच्या खोकल्यालाही थोडा उतार पडतो.

पण मध म्हणजे शेवटी बव्हंशी साखरच. मधुमेह्याने 'नैसर्गिक आहे' म्हणून चमचे रिचवू नयेत. कोमट पाण्यात मध घेऊन पोट उतरवणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की त्या एका मोठ्या चमच्यात साठेक उष्मांक असतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मी घरोघर भांडायला तयार आहे. बाळ जन्मले, की आत्याबाई सोने उगाळून मधाचे बोट चाटवतात. हौस मोठी, पण मधात एका जंतूची बीजे असू शकतात. आपल्या पोटातून ती न रुजता निमूट निघून जातात; तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळे पडते, श्वास अडतो. असे क्वचित घडते. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे आज जगभरचे डॉक्टर सांगतात. आत्याबाईंचा मान साडीने राखावा.

आता खऱ्या-खोट्याचे. पाण्यात थेंब सोडून पाहा, काडी पेटवून पाहा, कुत्र्यापुढे ठेवा, अशा परीक्षा गावोगाव चालतात. त्यांतली एकही भरवशाची नाही. खोटी नोट बोटांना कळते; खोटा मध जिभेलाही कळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने १३ कंपन्यांचे मध तपासले. नेहमीच्या चाचण्यांत बरेचसे उतरले. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत धाडल्यावर सगळ्या चाचण्यांत टिकले ते फक्त तीन. कंपन्यांनी अर्थातच आरोप नाकारला.

त्यापेक्षा मोहोळ झाडणारा ओळखीचा असावा. तोही कसा झाडतो ते विचारावे. रात्री टेंभा लावून आग्यामोहोळ जाळणारा मधाबरोबर अळ्याही पिळून देतो आणि सगळी वसाहत मारतो. जाणता माणूस धूर देऊन मधाचा भाग तेवढा कापतो, अळ्यांचा भाग फांदीवर ठेवतो. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर केले, तिथे पेट्यांतल्या माश्यांवर घरे चालतात. आमच्याकडच्या आग्या माशीला पेटीत कोंडता येत नाही. ती उंच फांदीलाच लटकणार.

आणि थंडीत बरणीच्या तळाशी रवा धरला, म्हणून मध परत करायला निघू नका. ती भेसळ नव्हे, मधातलीच साखर गोठते. कोमट पाण्यात बरणी ठेवली की पुन्हा पातळ होतो. थेट आचेवर मात्र ठेवू नये.