पितळखोऱ्याचा राजवैद्य आणि आपल्या घरची बाडे

ज्याला आपल्या व्यवसायाची जुनी कुळी ग्रंथात नव्हे, तर दगडात पाहावयाची आहे, त्याने चाळीसगाव गाठावे. तेथून दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेत पितळखोरा नावाची लेणी आहेत. सरकारी दप्तरी ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात मोडतात. मात्र पायथ्याचा प्रदेश खानदेशाचा आहे आणि जळगाव-धुळ्याच्या वैद्याला सकाळी निघून रात्री घरी परतता येते. असे असूनही आमच्या परिचयातील बहुसंख्य वैद्यांनी अजिंठा दोनदोनदा पाहिला आहे, पितळखोरा मात्र एकदाही नाही.

ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झाला असे मानतात. त्यांच्या भिंतींवर व खांबांवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत दात्यांची नावे कोरलेली आहेत. चौथ्या लेण्यातील लेखांत एक दाता स्वतःस ‘राजवेज’ म्हणवितो. राजवेज म्हणजे राजवैद्य. त्याचे नाव मगिल. तो आपली ओळख आईच्या नावाने, वाच्छीपुत्र अशी देतो. त्याच्या जोडीला त्याची कन्या दत्ता आणि पुत्र दत्तक यांचीही स्वतंत्र दाने नोंदविलेली आहेत. बावीसशे वर्षांपूर्वी एका वैद्याची मुलगी स्वतःच्या नावाने दान देते आणि ते दगडावर कोरविते, ही गोष्ट आम्हांस मगिलाच्या राजमान्यतेपेक्षाही अधिक मोलाची वाटते. कोणत्या राजाचा वैद्य, हे लेख सांगत नाही. तो कोणती चिकित्सा करी, हेही त्यातून कळत नाही. वैद्य हा एक प्रतिष्ठित, धनसंपन्न आणि आपल्या पदवीचा अभिमान बाळगणारा वर्ग त्या काळी येथे होता, एवढेच लेख निःसंदिग्धपणे सांगतो, आणि तेवढेही थोडे नाही.

आमच्या औषधनिर्मात्या व औषधविक्रेत्या वाचकांचा पूर्वजही येथेच भेटतो. तिसरे लेणे चैत्यगृह आहे. त्यातील एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या ‘गंधिका’च्या कुळाने दिलेला आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. चंदन, अगरू, उशीर, गुग्गुळ यांसारखी द्रव्ये विकणारा मनुष्य औषधी द्रव्यांपासून दूर असणे शक्यच नव्हते. आपल्याकडचा अत्तार आणि काष्ठौषधीचा दुकानदार याच परंपरेतला. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गावरील या खिंडीत वैद्य आणि औषधिद्रव्यांचा व्यापारी अशा दोघांचीही दाने शेजारशेजारच्या लेण्यांत असावीत, हा योग सहसा कोठे आढळत नाही.

या स्थळाविषयी आणखी एक गोष्ट अगदतंत्राच्या अभ्यासकांस रुचेल. महामायूरी या बौद्ध ग्रंथात गावोगावच्या यक्षांची यादी आहे. तीत पीतंगल्य येथील शंकरीन नामक यक्षाचा उल्लेख येतो, आणि पीतंगल्य म्हणजेच पितळखोरा असावे असे पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांचे मत आहे. महामायूरी ही मूळची सर्पविषापासून रक्षण करणारी विद्या. ‘नावनीतक’ ज्या बॉवर हस्तलिखितात सापडले, त्याच हस्तलिखिताच्या शेवटच्या भागांत ही महामायूरीही आहे. मध्य आशियातील कुचा येथे १८९० मध्ये मिळालेली ती पाने आणि सातमाळ्यातील ही दरी यांच्यामध्ये असा एक धागा आहे. येथील उत्खननात मिळालेली हसऱ्या मुद्रेची यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असा लेख तिच्या हातावरच आहे.

लेण्यांची अवस्था मात्र चिंताजनक आहे. येथील खडक ठिसूळ. दर्शनी भाग बराचसा ढासळलेला, खांब मोडलेले, काही जागी नव्याने उभारलेले. कोरणाऱ्यांनाही पाझरणाऱ्या पाण्याचा त्रास झाला असावा, कारण चौथ्या लेण्याच्या जिन्याशेजारी त्यांनी पाच फणांचा नाग कोरून आतील पाणी त्याच्या फणांतून बाहेर पडेल अशी योजना केली होती. दोषाला वाट करून देऊन त्याचे शोभेत रूपांतर करणारी ही युक्ती वैद्यमनास पटण्याजोगी आहे. तरीही पाणी, वटवाघळे आणि आपली नावे कोळशाने लिहिणारे पर्यटक यांच्यापुढे मगिलाची अक्षरे किती काळ टिकतील, हे सांगता येत नाही. लेख दिवसाच्या तिरप्या उजेडात पाहावेत, हात लावू नये. लिपी वाचता येत नसेल तर आधी ठशांची छायाचित्रे पाहून जावे, अन्यथा समोर असूनही अक्षरे दिसत नाहीत.

पितळखोऱ्यास मोटारीने कन्नड घाट चढून जाता येते. पायांवर विश्वास असणाऱ्यांनी डोंगराच्या खानदेशाकडील पायथ्याशी असलेल्या पाटणादेवीवरून जावे. हे पाटण भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेले आहे. त्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला. त्या मठास निकुंभवंशी सोइदेव व त्याचा बंधू हेमाडीदेव यांनी दाने दिली, असे इ.स. १२०७ च्या सुमाराचा येथील शिलालेख सांगतो. (हा हेमाडीदेव म्हणजे आपला आयुर्वेदरसायनकार हेमाद्री नव्हे. नामसादृश्याने घोटाळा होतो, म्हणून नोंद केली.) लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, पेठेतील मालावरचे कोणते उत्पन्न मठास द्यावयाचे याची त्यात व्यवस्था आहे. विद्यालय चालावयाचे तर बाजाराने भार उचलावा लागतो, हे आठशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांस ठाऊक होते.

हा लेख विद्वज्जगापुढे १८६५ मध्ये आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, मुंबईतील नामांकित चिकित्सक आणि कुष्ठरोगावरील औषधाचे संशोधक. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात शिलालेख आणि नाणी वाचणारा हा मनुष्य व्यवसायाने आपल्याच पंक्तीतला होता. ‘आम्हांस वेळ कोठे?’ असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे चरित्र अवश्य वाचावे.

पाटणजवळच नागार्जुन कोठी नावाची गुहा आहे. नाव ऐकून रसवैद्यांची पावले आपोआप तिकडे वळतात. परंतु ती जैन गुहा आहे आणि रसतंत्राशी तिचा संबंध जोडण्यास आधार नाही. तसेच हा सर्व परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा आहे. सालई, धावडा, पळस पाहून हात शिवशिवतात हे आम्ही जाणतो, पण येथून पान तोडणेही योग्य नव्हे. द्रव्यपरिचय डोळ्यांनी करावा.

चाळीसगावात वेळ उरल्यास स्थानकाजवळील केकी मूस यांचे कलासंग्रहालय पाहावे. जळगावला जैन हिल्सवर २०१२ मध्ये सुरू झालेले ‘खोज गांधीजी की’ हे संग्रहालय आहे. ते रचनेच्या दृष्टीने आधुनिक आणि नीटनेटके. आपल्या वाचकांनी तेथे एका गोष्टीचे स्मरण ठेवून जावे. गांधीजींनी १९२५ मध्ये कलकत्त्यास एका आयुर्वेद विद्यालयाची कोनशिला बसविताना, वैद्यांत संशोधनवृत्ती उरली नाही, अशी कठोर टीका केली होती. ती तेव्हा अनेकांना झोंबली. गांधी हे आडनावही त्याच ‘गंधिका’चे वंशज, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो.

आता धुळे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथे निवर्तले. लगेचच पुढील महिन्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांमागे गावोगावच्या माळ्यांवरून, कोठारांतून वेचलेली दप्तरे आहेत, हे मंडळातील संग्रह पाहताना ध्यानी येते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले श्री समर्थ वाग्देवता मंदिरही येथेच. समर्थांनी स्वहस्ते लिहिलेली वाल्मीकि रामायणाची प्रत तेथे आहे. या दोन्ही संस्था एकाच शहरात असणे, हे धुळेकरांचे भाग्य म्हणावे लागेल.

येथे आम्हांस वैद्यवर्गास एक स्पष्ट प्रश्न विचारावयाचा आहे. खानदेशात पिढीजात वैद्यांची अनेक घराणी होती. त्यांच्या घरी बाडे असत. कल्प, पाठ, अनुपाने, गावठी वनस्पतींची नावे, क्वचित रुग्णांच्या नोंदी आणि उधारीचे हिशेबसुद्धा. वडील गेले, वाडा विकला, माळा रिकामा झाला, की ही बाडे रद्दीत जातात. मगिलाचे नाव दगडावर होते म्हणून उरले. कागदावरच्या वैद्यांचे काय? ज्या घरी अशी बाडे असतील त्यांनी ती हस्तलिखित-संग्रहाच्या स्वाधीन करावीत, निदान छायाप्रत तरी द्यावी. देताना घराण्याचे नाव, गाव, बाड कोणाच्या हातचे आणि कोणत्या पिढीतले, हे वेगळ्या कागदावर लिहून द्यावे. त्यावाचून बाडाचे निम्मे मोल जाते. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण चढवू नये, उन्हात वाळवू नये, आणि खलातील खुणा वा तेलाचे डाग पुसण्याचा यत्न करू नये. सोपवीपर्यंत बाड स्वच्छ सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवावे आणि कापडाच्या घडीत वेखंडाचे तुकडे घालावेत. दर पावसाळ्यानंतर ते बदलावेत.