मूत्रपिंड जीवोतक परीक्षा : सदृशीकरणाधिष्ठित प्रशिक्षण

मूत्रपिंडातील ऊतकाचा (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या–पेशींच्या–समूहाचा) लहानसा तुकडा सुईने काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या क्रियेला मूत्रपिंड जीवोतक परीक्षा म्हणतात. व्यवहारात ती ‘किडनी बायोप्सी’ या नावाने ओळखली जाते. अशी क्रिया रुग्णावर करण्यापूर्वी तिचा सराव शरीराच्या प्रतिरूपावर करण्याच्या पद्धतीस सदृशीकरणाधिष्ठित प्रशिक्षण अशी संज्ञा आहे.

मूत्रातून प्रथिने वा रक्त जाणे, मूत्रपिंडाचे कार्य अल्पावधीत मंदावणे यांसारख्या लक्षणांमागील विकार केवळ रक्त व मूत्र तपासून नेहमीच ओळखता येत नाही. त्यासाठी रक्त गाळणारे केशिकागुच्छ प्रत्यक्ष पाहावे लागतात. प्रत्येक मूत्रपिंडात असे सु. दहा लाख गुच्छ असून ते सर्व बाह्यकात (बाहेरच्या थरात) असतात. उपचार कोणता करावयाचा, हे पुष्कळदा या परीक्षेवरच ठरते.

इतिहास : स्वीडनमधील लुंड येथे निल्स आल्वाल यांनी १९४४ मध्ये त्वचेतून सुई घालून मूत्रपिंडाचे ऊतक काढण्यास प्रारंभ केला, तथापि एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्यांनी ही पद्धत थांबविली आणि आपले निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. दरम्यान कोपनहेगन येथील पॉल इव्हर्सन व क्लाउस ब्रून यांनी रुग्णास बसवून केलेल्या परीक्षांचे वर्णन १९५१ मध्ये प्रसिद्ध केले होते. १९५४ मध्ये शिकागो येथील रॉबर्ट कार्क व रॉबर्ट म्यूर्के यांनी रुग्णास पालथे निजवून परीक्षा करण्याची पद्धत मांडली व तिचे यश पुष्कळच वाढले. पुढे श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) व स्प्रिंगने चालणारी स्वयंचलित सुई यांमुळे ही क्रिया अधिक सुरक्षित झाली.

क्रियेतील अवघड भाग : प्रौढ व्यक्तीचे मूत्रपिंड सु. १० ते १२ सेंमी. लांब असते. ते पाठीच्या स्नायूंपुढे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास असून श्वासाबरोबर खालीवर सरकते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सु. पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. त्यामुळे रक्तस्राव हा मुख्य धोका होय. मोठ्या रक्तवाहिन्या टाळण्यासाठी सामान्यतः मूत्रपिंडाच्या खालच्या टोकातून ऊतक घेतात. त्वचा व स्नायू बधिर करून, पडद्यावर सुईचे टोक पाहत ती मूत्रपिंडाच्या संपुटापर्यंत (बाह्य आवरणापर्यंत) नेतात. मग रुग्णास श्वास रोखण्यास सांगून कळ दाबली जाते व सुईचा आतील भाग क्षणार्धात सु. २ सेंमी. पुढे जातो. टोक अलीकडे राहिल्यास चरबी किंवा स्नायूच हाती येतो. फार पुढे गेल्यास मध्यकाचा (आतल्या भागाचा) तुकडा मिळून केशिकागुच्छ मिळत नाहीत, शिवाय मोठी रक्तवाहिनी दुखावण्याचा संभव वाढतो. नवशिक्याचे डोळे पडद्यावर, एक हात ध्वनिशोधकावर (प्रोबवर) व दुसरा सुईवर असतो. या तिहींचा मेळ ग्रंथ वाचून साधत नाही.

प्रतिरूपे : ‘एकदा पाहा, एकदा करा, मग शिकवा’ या जुन्या परिपाठात नवशिक्याच्या पहिल्या चुका रुग्णाच्या वाट्यास येत. सदृशीकरणाचा मूळ हेतू त्या चुका प्रतिरूपावर होऊ देणे हा आहे. सर्वांत स्वस्त प्रतिरूप जिलेटिनाचे असते. शुद्ध जिलेटीन ध्वनिचित्रात काळे दिसते. म्हणून त्यात इसबगोलाचा भुसा मिसळतात व त्यामुळे ऊतकासारखी करडी छटा येते. डुकराचे मूत्रपिंड जिलेटिनात किंवा मांसाच्या जाड थरात बसविल्यास संपुट, बाह्यक व मध्यक खरेच असल्याने सुईचा स्पर्श बराच खरा वाटतो आणि निघालेला तुकडाही तपासता येतो. यांखेरीज कारखान्यात बनविलेली रबरसदृश प्रतिरूपे, देहदानातून मिळालेली शवे आणि सुईला होणारा विरोध हातास जाणवून देणारी संगणकीय साधनेही वापरतात.

अध्यापनपद्धती : केवळ वारंवार टोचण्याने कौशल्य येत नाही. संमती घेणे, रक्तदाब व रक्त गोठण्याच्या चाचण्या पाहणे, निर्जंतुकीकरण, बधिरीकरण, टोकाची निश्चिती, नंतरची देखरेख अशा टप्प्यांची सूची करून प्रत्येक टप्प्याचे मूल्यमापन करतात. ठरलेली पातळी गाठेपर्यंत सराव चालू राहतो. मूत्रपिंडविज्ञानाच्या प्रशिक्षणार्थींसाठी शिकागो येथे याच तत्त्वावर तात्पुरती डायलिसिस नलिका बसविण्याचे प्रशिक्षण दिले गेले. प्रशिक्षणोत्तर चाचणीत त्यांचे कौशल्य स्पष्टपणे वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अनेक रुग्णालयांत ही परीक्षा आता क्ष-किरणतज्ञ करीत असल्याने मूत्रपिंडतज्ञ होऊ पाहणाऱ्यांस प्रत्यक्ष संधी कमी मिळते. तेथे प्रतिरूपाचे महत्त्व अधिकच आहे. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यक पदवी अभ्यासक्रमातही कौशल्य प्रयोगशाळेतील सरावास स्थान दिलेले आहे.

मर्यादा : प्रतिरूप श्वास घेत नाही, भीत नाही व त्यातून रक्त वाहत नाही. स्थूल रुग्ण, आक्रसलेले मूत्रपिंड किंवा श्वास रोखू न शकणारे मूल यांच्याबाबत येणाऱ्या अडचणी त्यात पूर्णपणे उतरत नाहीत. परीक्षेनंतर डोळ्यांस दिसेल इतके रक्त मूत्रातून जाण्याचे प्रमाण शेकडा सु. ३ ते ४ असून रक्त द्यावे लागण्याचे त्याहून कमी असते. मृत्यू अतिशय विरळ होय. कुशल हातांनाही हे धोके पूर्णपणे टाळता येत नाहीत. म्हणून प्रतिरूपावर उत्तीर्ण झालेल्या प्रशिक्षणार्थीनेही रुग्णावरील पहिल्या परीक्षा अनुभवी तज्ञाच्या उपस्थितीतच कराव्यात आणि सुई कोणाच्या हाती असेल, हे रुग्णास आधी सांगावे, हे योग्य होय.