क्रेडिट शेल : परताव्याच्या रकमेवर हक्क कोणाचा?

(विमानप्रवाशांचे हक्क : लेखांक ६)

विमान कंपनीने स्वतःहून उड्डाण रद्द केले तर तिकिटाची पूर्ण रक्कम परत मिळते, आणि प्रवाशाने बेत बदलून तिकीट रद्द केले तर ठरलेले शुल्क कापून उरलेली रक्कम मिळते, इतका भेद बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु ही रक्कम प्रवाशाच्या बँक खात्यात यावी की पुढील प्रवासासाठी कंपनीकडेच जमा राहावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी मोठा गैरसमज आढळतो. कंपनीकडे अशा प्रकारे जमा राहणाऱ्या रकमेला ‘क्रेडिट शेल’ म्हणतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परताव्याविषयीच्या नियमांत हा पर्याय निवडणे ही सर्वस्वी प्रवाशाची मुखत्यारी असून कंपनीने तो परस्पर लागू करू नये, असे स्पष्टपणे नमूद आहे. तरीही कंपनीकडून ‘आपली रक्कम क्रेडिट शेलमध्ये जमा झाली आहे’ असा संदेश आला की अनेक प्रवासी तो अंतिम निर्णय समजून गप्प बसतात.

गोंदियासारख्या जिल्ह्यात या गैरसमजाची किंमत महानगरापेक्षा अधिक पडते. बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असली, तरी तेथून ‘उडान’ या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेखाली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती मार्च २०२२ मध्ये, फ्लायबिग कंपनीच्या इंदूर–गोंदिया–हैदराबाद मार्गाने, आणि ती काही महिन्यांतच खंडित झाली. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद व तिरुपतीसाठी सेवा सुरू केली. ज्या विमानतळावर एका वेळी जेमतेम एखादीच कंपनी उड्डाण करते, तेथे त्या कंपनीने मार्ग बंद केल्यास क्रेडिट शेलमधील रक्कम खर्च करण्यासाठी प्रवाशाला आधी रेल्वेने नागपूर गाठावे लागते, आणि ती कंपनी नागपूरहूनही उड्डाण करत नसेल, तर ती रक्कम केवळ कागदावर उरते. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला जी सोय वाटू शकते, ती आमगाव वा देवरीच्या प्रवाशाच्या दृष्टीने मुदतीत फेडून न घेता येणारे येणे ठरू शकते. म्हणून कंपनीने उड्डाण रद्द केले असता येथील प्रवाशाने रोख परतावाच मागावा, हे अधिक शहाणपणाचे आहे.

प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हे समजण्यासाठी भाड्याचे घटक वेगळे पाहावे लागतात. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि वैधानिक कर तसेच विमानतळ वापर शुल्क हे भाग ‘ना-परतावा’ म्हणून विकलेल्या सवलतीच्या तिकिटावरही, इतकेच नव्हे तर प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही तरीही, परत करावे लागतात. समजा, ५,२०० रुपयांच्या तिकिटात मूळ भाडे व इंधन अधिभार मिळून ४,३०० रुपये आणि उर्वरित ९०० रुपये कर व विमानतळ शुल्काचे आहेत. तर अत्यंत कठोर अटींच्या तिकिटावरही हे ९०० रुपये प्रवाशाचेच राहतात. ही रक्कम लहान असल्याने ती कोणी मागत नाही, हे खेदजनक आहे. याखेरीज २०१९ पासून तिकीट काढल्यापासून २४ तासांच्या आत, प्रस्थान किमान ७ दिवस दूर असल्यास, विनाशुल्क रद्द वा बदल करण्याची मुभा नियमांत आली. नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात हा अवधी ४८ तासांचा करण्याचे प्रस्तावित झाले असल्याने, तिकीट काढताना लागू असलेला अवधी पाहून घेणे इष्ट.

जिल्ह्यातील पुष्कळ तिकिटे अजूनही बाजारपेठेतील एजंटामार्फत निघतात, आणि तेथे रक्कम कंपनीकडून एजंटाच्या वॉलेटमध्ये जाऊन अडकते. एजंट हा कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी असल्याने परताव्याची जबाबदारी कंपनीवरच राहते, हे नियमांचे म्हणणे आहे. त्यामुळे ‘कंपनीने आम्हाला दिले नाही’ आणि ‘आम्ही एजंटाला दिले’ या दोन उत्तरांमध्ये प्रवाशाने हेलपाटे घालण्याचे कारण नाही. तिकिटावर स्वतःचाच मोबाइल क्रमांक नोंदविण्याचा आग्रह मात्र धरावा, कारण संपर्काची माहिती दिलेली नसल्यास उड्डाण रद्द झाल्याबद्दलची भरपाई नाकारता येते.

क्रेडिट शेलचे खरे स्वरूप करोना काळात उघड झाले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कंपन्यांनी परताव्याऐवजी सरसकट क्रेडिट शेल दिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी ‘प्रवासी लीगल सेल’च्या याचिकेवर निकाल लागला. आर्थिक अडचणीमुळे परतावा देऊ न शकणाऱ्या कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेलची मुभा मिळाली, परंतु ते कोणत्याही मार्गावर वापरता येईल, दुसऱ्याच्या नावे करता येईल, न वापरल्यास रोख परत मिळेल, आणि त्याचे मूल्य ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का व त्यानंतर दरमहा पाऊण टक्का वाढेल, अशा अटी घातल्या गेल्या. मार्चअखेर रद्द झालेल्या १०,००० रुपयांच्या तिकिटावर ही वाढ साधारण ८२५ रुपये होते. प्रवाशाचा पैसा कंपनीकडे पडून राहणे हे वस्तुतः कर्ज असून त्याला काळाची किंमत आहे, हे तत्त्व या हिशेबात दिसते. एरवी मात्र कंपन्या मुदत घालून, नाव बदलण्यास मनाई करून आणि वाढ शून्य ठेवून हेच कर्ज फुकट वापरतात.

हे कर्ज विनातारणही असते. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणे थांबविली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या परिसमापनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागविण्याचा, आदेश दिला. २०१९ मध्ये थांबलेल्या जेट एअरवेजविषयी तसाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. अशा वेळी प्रवासी हा तारण असलेल्या बँकांच्या मागे, रांगेच्या शेवटाकडे उभा असतो. दोन-तीनशे रुपयांच्या अधिक मूल्याचे आमिष दाखवून क्रेडिट शेल स्वीकारण्याचा आग्रह होतो, तेव्हा हा धोकाही तोलला पाहिजे.

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांसाठीची तयारी अपुरी पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा केंद्र सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजेपर्यंत परतावे पूर्ण करण्यास बजावले, आणि कंपनीने सर्वाधिक त्रास झालेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची, बारा महिन्यांत वापरावयाची प्रवास व्हाउचरे जाहीर केली. येथे परतावा, नियमानुसार देय भरपाई आणि व्हाउचर या तीन गोष्टी भिन्न आहेत. व्हाउचर स्वीकारल्याने परताव्यावरील हक्क संपत नाही. पूर्वसूचनेविना उड्डाण रद्द झाल्यास आणि कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे नसल्यास, उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपये किंवा एकेरी मूळ भाडे व इंधन अधिभार, यांतील जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून देय असते.

कंपनीने दाद न दिल्यास प्रथम केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर वा ॲपवर तक्रार नोंदवावी, आणि तिकीट, रद्द झाल्याचा संदेश व पत्रव्यवहार जपून ठेवावा. त्यानेही काम न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. म्हणजे कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असले तरी अर्जुनी मोरगावच्या प्रवाशाला गोंदिया जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातच दाद मागता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क पडत नाही.